डोक्याला बसलेला मुका मार

आपल्याकडे माराचे दोन प्रकार मानतात. एक फुटलेला मार आणि दुसरा मुका मार. फुटलेल्या माराकडे सारे घर धावते. रक्त पुसणे, कापूस शोधणे, रिक्षा बोलावणे अशी एकच धांदल उडते. मुक्या माराला मात्र आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून लावले की घरची माणसे आपापल्या कामाला लागतात. पायाला, पाठीला किंवा दंडाला मुका मार बसला असेल तर एवढ्यावर बहुधा भागतेही. डोक्याला बसलेल्या मुक्या माराचे तसे नाही. तेथे लेप लावावयास जागा नसते, वरून काही दिसत नाही, स्कॅनच्या फोटोत काही सापडत नाही. आणि तरीही माणूस पूर्वीसारखा राहिलेला नसतो. डॉक्टर मंडळी यास कन्कशन म्हणतात. या लेखात आम्ही त्यास मेंदूचा हादरा म्हणू.

स्मरणिकेच्या संपादकांनी आमच्याकडे ‘आरोग्यावर काही उपयुक्त’ लिहून मागितले. आम्ही डॉक्टर नव्हे, विज्ञान आणि गणित शिकवणारे शिक्षक आहोत. परंतु हा मार आम्ही स्वतः खाल्ला आहे, त्या दिवसांत उपचार करणाऱ्या डॉक्टरांना प्रश्न विचारून पुरते भंडावले आहे, आणि बरे झाल्यावर या विषयावर जे हाती लागेल ते वाचले आहे. वर्गात शिकवावे त्याप्रमाणे ते येथे मांडतो. ज्याला हा त्रास असेल त्याने हा लेख घेऊन बसू नये, डॉक्टरांकडे जावे, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

२०२२ सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट. बेळगावचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांस रस्त्यांचे वर्णन करावयास नको. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटापाशी रूळ ओलांडताना आमच्या स्कूटरचे पुढचे चाक ओल्या लोखंडावरून सरकले आणि आम्ही डाव्या अंगावर आडवे झालो. वेग सायकलीइतकाच होता. डोक्यावर हेल्मेट होते, ते रस्त्यावर आपटले. आम्ही आपल्या पायांनी उठलो, कपडे झटकले, रस्त्यात पडलेला जेवणाचा डबा उचलला आणि भोवती जमलेल्या मंडळींना ‘काही नाही, काही नाही’ म्हणून हात हलवला. एका रिक्षावाल्याने आग्रहाने आम्हांस रिक्षात बसवले. वाटेत आम्ही त्यास ‘आज वार कोणता?’ हा एकच प्रश्न तीन वेळा विचारला, असे त्याने आमच्या घरी सांगितले. आम्हांस तो प्रश्न आठवत नाही आणि तो रिक्षाप्रवासही आठवत नाही.

दवाखान्यात डोक्याचा सीटी स्कॅन झाला. त्यात हाड मोडलेले नव्हते की रक्तस्राव नव्हता. कागदावर ‘जी.सी.एस. १५/१५’ असे लिहून मिळाले. विद्यार्थिदशेत न मिळालेले पैकीच्या पैकी गुण पाहून आम्हांस समाधान वाटले. तिसऱ्या दिवशी आम्ही शाळेत हजर झालो. नववीचा वर्ग होता आणि फळ्यावर बीजगणित. समीकरणाची दुसरी ओळ लिहावी तो पहिली कशासाठी लिहिली हे डोक्यातून निघून जाई. खडूचा आवाज दातांत शिरे, खिडकीतला उजेड डोळ्यांत टोचे. मागच्या बाकावर एक मुलगा हसला म्हणून त्यास आम्ही जे बोललो ते कोणत्याही शिक्षकाने बोलू नये असे होते. मधल्या सुट्टीत उलटी झाली. रजेचा अर्ज घेऊन गेलो तेव्हा वरिष्ठांनी सहजपणे विचारले, “पण सर, फोटोत तर काही आले नाही ना?”

त्यांचा हेतू वाईट नव्हता. पुढे पुष्कळांनी आम्हांस हाच प्रश्न विचारला. आणि खरे सांगावयाचे तर सर्वांत अधिक वेळा तो आम्हीच स्वतःला विचारला. फोटोत काही नाही, मग हे आहे तरी काय?

त्याचे उत्तर आमच्या त्या डब्यात होते. घरी मंडळींनी डबा उघडला. बाहेरून डब्याला साधा पोचाही आला नव्हता, झाकण घट्ट होते. आतल्या कप्प्यातील कवडीदार दह्याचे मात्र पाणी पाणी झाले होते. डबा शाबूत राहिला म्हणून दही शाबूत राहिले असे नाही.

माणसाचा मेंदू सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा आणि पुष्कळ मऊ असतो. तो कवटीत नुसता ठेवलेला नाही. मेंदू आणि पाठीचा कणा यांच्याभोवती मिळून सुमारे १५० मिलिलिटर पाण्यासारखा द्रव असतो व त्यात तो तरंगता असतो. आर्किमिडीजच्या नियमानुसार त्या द्रवात मेंदूचे वजन जेमतेम ५० ग्रॅम इतकेच जाणवते. रोजच्या चालण्या-धावण्यातले धक्के या व्यवस्थेत जिरून जातात. परंतु डोके एकाएकी थांबले किंवा झटक्यासरशी वळले म्हणजे कवटी थांबते आणि आतला मेंदू थोडा पुढे जात राहतो, पिळवटला जातो. सरळ धक्क्यापेक्षा हा पीळ अधिक वाईट. मेंदूतील पेशींना एकमेकींशी जोडणारे जे लांब, बारीक तंतू आहेत ते या पिळात ताणले जातात. ते तुटतातच असे नाही. पुष्कळदा नुसते ताणले जातात. यासाठी डोके कशावर आपटलेच पाहिजे असेही नाही. मोटारीला मागून धडक बसून मान जोराने हिसकली तरी हादरा बसू शकतो.

तंतू ताणले गेले की पेशींच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर पडते आणि कॅल्शियम आत घुसते. हा सारा उलटापालट झालेला संसार पुन्हा जागेवर लावण्यासाठी पेशींना एकदम पुष्कळ शक्ती, म्हणजे साखर, लागते. मेंदू शरीराच्या वजनाच्या अवघा २ टक्के. पण एरवीदेखील शरीराच्या एकूण शक्तीपैकी सुमारे २० टक्के तोच खातो. आणि नेमका अशा वेळी मेंदूचा रक्तपुरवठा मात्र काहीसा उतरतो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील गिझा व होव्हडा या दोघा संशोधकांनी २००१ साली ही साखळी एकत्र मांडून दाखवली आणि तेव्हापासून या दुखण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. पेशी मेलेल्या नसतात. त्या दिवाळखोरीच्या काठावर असतात, आणि बहुतेक सावरतात. सावरेपर्यंत त्यांच्याकडून रोजचे काम मागणे ही चूक.

सीटी स्कॅनमध्ये हे का दिसत नाही? घड्याळाचा फोटो काढला तर काटे दिसतात, तबकडी दिसते, काच फुटली असेल तर तीही दिसते. घड्याळ मागे पडते आहे की काय हे फोटोत दिसत नाही. सीटी स्कॅन हाड आणि रक्त पाहण्यासाठी असतो. तो काढतात तो हादरा ओळखण्यासाठी नव्हे, तर हादऱ्याच्या आडून जिवावर बेतणारे दुसरे काही, म्हणजे रक्तस्राव, लपले नाही ना हे पाहण्यासाठी. तो स्वच्छ निघाला याचा अर्थ जिवावरचे टळले. काहीच झाले नाही असा त्याचा अर्थ नव्हे.

आमच्या त्या १५ गुणांचेही असेच. ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट या दोघा शल्यविशारदांनी १९७४ साली ही गुणपद्धती तयार केली. डोळे उघडणे, बोलणे आणि हातपाय हलवणे या तीन गोष्टींवरून किमान ३ आणि कमाल १५ गुण देतात. १३ ते १५ गुणांच्या दुखापतीस पुस्तकात ‘सौम्य’ म्हणतात. येथेच घोटाळा होतो. हा शब्द जिवाच्या धोक्याबद्दलचा आहे. पुढचा महिना कसा जाईल याबद्दल तो काही बोलत नाही.

दुसरा गैरसमज शुद्धीचा. बेशुद्ध पडला तरच मेंदूला मार लागला, असे आपल्याकडे घरोघरी मानतात. वस्तुतः हादरा बसलेल्या बहुतेकांची शुद्ध क्षणभरही हरपत नाही. गोंधळणे, तोच प्रश्न पुनः पुन्हा विचारणे, मारापूर्वीचे किंवा नंतरचे काही न आठवणे, डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, उजेड आणि आवाज सहन न होणे, विनाकारण चिडणे किंवा डोळ्यांत पाणी येणे, झोप फार येणे किंवा मुळीच न येणे, ही त्याची लक्षणे. सगळी एकदम येत नाहीत, आणि कित्येकदा लागलीच येत नाहीत.

आमच्या वर्गात हे क्रिकेटच्या उदाहरणाने लवकर समजते. २०१९ च्या ऑगस्टात लॉर्ड्सच्या मैदानावर जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर, हेल्मेटच्या खाली, बसला. तो ८० धावांवर होता. बाहेर नेऊन तपासले, चाचण्यांत तो उतरला, पुन्हा खेळावयास आला आणि ९२ वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र लक्षणे दिसू लागली आणि त्यास सामन्यातून बाहेर काढावे लागले. हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेण्याचा नियम कसोटीत त्याच महिन्यात लागू झाला होता. त्या नियमाने उतरलेला पहिला बदली खेळाडू मार्नस लाबुशेन. पुढे ४ डिसेंबर २०२० रोजी कॅनबेरा येथे आपल्या रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर मिचेल स्टार्कचा चेंडू बसला, तोही तसाच शेवटपर्यंत खेळला, आणि त्याच्या जागी आलेल्या युजवेंद्र चहलने तीन बळी घेतले. तेव्हा पुष्कळांनी ‘ही सोयीची युक्ती’ म्हणून नाके मुरडली. त्यांस स्मिथची दुसरी सकाळ आठवली नसावी. खेळाडूच्या पाठीशी डॉक्टर आणि नियम उभे असतात. रुळावर घसरलेल्या शिक्षकासाठी बदली खेळाडू नसतो.

आता पहिल्या दोन दिवसांविषयी. एवढा भाग घरातील थोरांनी एकदा मोठ्याने वाचून सर्वांस ऐकवावा, अशी आमची विनंती आहे. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामधील रक्तवाहिनी फुटली तर रक्त हळूहळू साचते. अशा माणसाला सुरुवातीस बरे वाटते, तो हसतो, बोलतो, चहा पितो. आणि काही तासांनी एकाएकी कोसळतो. मार्च २००९ मध्ये नताशा रिचर्डसन ही प्रसिद्ध इंग्रज अभिनेत्री कॅनडात बर्फावर घसरण्याचा खेळ शिकत असता साध्या उतारावर पडली. डोक्यावर हेल्मेट नव्हते. उठून ती हसली, आलेली रुग्णवाहिका तिने परत पाठवली. थोड्या वेळाने डोके दुखू लागले, आणि दोन दिवसांनी ती वारली. असा रक्तस्राव क्वचितच होतो, परंतु ज्यास होतो त्यास वेळ फार थोडा मिळतो.

म्हणून डोके आपटलेल्या माणसास पहिले दोन दिवस एकटे ठेवू नये. डोकेदुखी वाढतच चालली, उलट्या थांबेनात, आकडी आली, बोलणे अडखळू लागले, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसू लागल्या, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा द्रव अथवा रक्त आले, माणूस ओळख विसरू लागला किंवा हलवून उठेना, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच क्षणी मोठ्या इस्पितळात न्यावे. ज्यांचे वय साठीपुढचे आहे किंवा ज्यांस हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी मार किरकोळ वाटला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. न्हाणीघरात घसरून डोके आपटलेली वृद्ध माणसे ‘उगाच मुलांना त्रास नको’ म्हणून सांगतच नाहीत. त्यांच्या डोक्यात हळूहळू झिरपलेले रक्त कित्येकदा तीन-चार आठवड्यांनी, चालण्यात तोल जाणे किंवा बोलण्यात घोटाळा या रूपाने प्रकट होते. तोपर्यंत ते पडणे घरात कोणास आठवतही नसते.

आणखी दोन गोष्टी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. आपल्याकडे अपघात झाला की सर्वांत आधी पाण्याची बाटली पुढे येते, तीमागील माया आम्ही जाणतो, पण बाटली दूर ठेवावी. दुसरे असे, की ‘डोक्याला मार लागला आहे, झोपू देऊ नका’ हा समज. आमच्या अम्मांनी पहिल्या रात्री दर अर्ध्या तासाने आम्हांस हलवून जागे केले, कलमा म्हणून दाखवावयास लावले आणि खात्री पटल्यावर पुन्हा निजू दिले. सकाळी डॉक्टर हसून म्हणाले, “माँजी, तपासून झाले, धोका नाही असे कळले, की झोप हेच औषध. तुम्ही त्यांचे औषधच काढून घेत आहात.” क्वचित एखाद्या रोग्यास मधून मधून उठवून पाहा असे डॉक्टर सांगतात, सांगितले असेल तरच तसे करावे.

हादऱ्यातून उठण्याची रीत गेल्या काही वर्षांत बरीच बदलली आहे. पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहा, लक्षणे पूर्ण जाईपर्यंत काही करू नका, असे सांगत. अमेरिकेत मिलवॉकी येथे ११ ते २२ वर्षे वयाच्या रोग्यांवर एक प्रयोग झाला व २०१५ साली प्रसिद्ध झाला. काहींना पाच दिवस कडक विश्रांती दिली, काहींना एक-दोन दिवसांनंतर हळूहळू हालचाल करू दिली. कडक विश्रांतीवाल्यांच्या तक्रारीच अधिक निघाल्या. त्यानंतर अशाच अनेक अभ्यासांचा विचार करून ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे जमलेल्या तज्ज्ञांनी जे मत ठरवले ते असे, की पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती घ्यावी. या काळातही घरात फिरणे, आपले आपण जेवणे-नहाणे चालते. मग हलके चालणे सुरू करावे आणि पायरी पायरीने वाढवीत जावे. ते मत मुख्यतः खेळाडूंसाठी आहे. तथापि डॉक्टर इतर प्रौढांनाही आता बहुधा हीच दिशा दाखवतात.

पायरी किती चढावी याचे माप आम्हा मास्तर लोकांना आवडेल असे आहे. आपल्या त्रासाला दहापैकी गुण द्यावयाचे. समजा, काम सुरू करण्यापूर्वी डोकेदुखीला तीन गुण आहेत. वीस मिनिटे वाचल्यावर ती चार-पाचपर्यंत गेली आणि तासाच्या आत उतरली, तर हरकत नाही, उद्याही तेवढेच वाचावे. सहा-सातवर गेली किंवा संध्याकाळपर्यंत उतरली नाही, तर पायरी चुकली. एक पायरी खाली यावे. थोडा त्रास वाढला म्हणून घाबरून पुन्हा अंथरूण धरू नये, आणि ‘मर्दासारखे सहन करतो’ म्हणून रेटूही नये. आम्ही पहिली चूक केली नाही, दुसरी पुरेपूर केली. त्या तिसऱ्या दिवसाच्या शाळेने आमचा निदान एक आठवडा खाल्ला.

मग आम्ही रीतीने सुरुवात केली. पहिले तीन-चार दिवस गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. पुढे सकाळचे अर्धा तास चालणे. वाचन घड्याळ लावून, आधी दहा मिनिटे. भ्रमणध्वनी मात्र पहिल्या दोन दिवसांत दूर ठेवावयास हवा होता, तो आम्ही ठेवला नाही; पडल्यापडल्या दुसरे करावयाचे काय, असे वाटे. अमेरिकेत १२ ते २५ वर्षे वयाच्या १२५ जणांवर केलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिले ४८ तास पडद्यापासून दूर राहिलेल्यांची लक्षणे साधारण साडेतीन दिवसांत गेली, पडदा पाहणाऱ्यांस आठ दिवस लागले. आमचे वय त्या मुलांच्या दुप्पट. पण चाळिशीचा मेंदू पडद्याला अधिक चांगला तोंड देत असेल असे मानण्यास आम्हांस कारण दिसत नाही.

डोकेदुखीवर सुरुवातीस डॉक्टर बहुधा पॅरासिटामॉल देतात. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्त वाहण्याचा धोका वाढतो, म्हणून पहिल्या दोन दिवसांत त्या डॉक्टरांस विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आधीपासून डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंदही करू नये. वेदनाशामक गोळ्या आठवडेच्या आठवडे रोज घेतल्या तर त्या गोळ्यांचीच एक वेगळी डोकेदुखी जडते. झोपेच्या गोळ्या आणि मद्य यांपासून दूर राहावे.

आमची गरगर तीन आठवडे गेली नाही. कूस बदलली की छत फिरे. सजद्यासाठी कपाळ जमिनीला टेकले की साऱ्या मशिदीने कलंडावे तसे होई. आजाऱ्यास बसून, खुणेने नमाज पढण्याची मुभा आहेच, म्हणून ते दिवस आम्ही खुर्चीवर काढले. मेंदू अजून दुरुस्त व्हावयाचा आहे असे आम्ही धरून चाललो होतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत दाखवून दिले, की या गरगरीचा मेंदूशी संबंध नाही. आतल्या कानात तोल सांभाळणारे खडूसारखे बारीक कण असतात. ते धक्क्याने जागचे हलून भलत्या नळीत शिरले होते. त्यांनी आम्हांस आडवे करून डोके एका विशिष्ट क्रमाने फिरवले. या युक्तीस एप्लीची पद्धत म्हणतात. दुसऱ्या खेपेस छत जागेवर आले. मानेचे स्नायू आखडल्यानेही मागून येणारी डोकेदुखी राहते व ती व्यायामाने जाते. सांगावयाचे ते असे, की जे राहिले आहे ते सगळे मेंदूतच राहिले आहे असे समजून बसू नये. प्रत्येक तक्रार वेगळी दाखवावी, तिला पुष्कळदा वेगळा इलाज असतो.

स्वभावातील बदल हा भाग घरच्यांस सर्वांत जड जातो. आम्ही महिनाभर चिडखोर होतो. धाकट्या मुलीने पाण्याचा पेला आपटून ठेवला म्हणून ओरडलो, आणि मग एकटेच बसून रडलो. घरच्या मंडळींनी कधी बोलून दाखवले नाही, परंतु त्या दिवसांत घरात सारे पाय न वाजवता चालत. हा हादऱ्याचाच भाग आहे आणि तो उतरतो, हे आम्हांस कोणी पहिल्याच दिवशी सांगितले असते तर अर्धी भीती गेली असती. अपुरी झोप आणि ‘आता आपण असेच राहणार’ ही धास्ती यांनी दुखणे लांबते. बहुतेक प्रौढ काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत, पूर्ववत होतात. काही थोड्यांचे त्यापुढेही रेंगाळते. विशेषतः ज्यांस पूर्वी हादरा बसलेला आहे, ज्यांस अर्धशिशी आहे किंवा मनाचे आजार आहेत त्यांचे. महिना उलटून गेला आणि त्रास आहेच, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. लाज धरू नये.

एका बाबतीत मात्र कडक राहावे. पहिला हादरा पूर्ण निवेपर्यंत दुसरा बसता कामा नये. दिवाळखोरीच्या काठावर असलेल्या पेशींना दुसरा धक्का सोसत नाही. म्हणून वाहन चालवणे, शिडीवर चढणे आणि चालत्या यंत्रापाशी उभे राहणे या गोष्टी सर्वांत शेवटी, डॉक्टरांनी होकार दिल्यावर. आम्ही पाच आठवडे स्कूटरला हात लावला नाही. हेल्मेट नवे घेतले, कारण एकदा आपटलेले हेल्मेट आतून दबते व पुन्हा तेवढे काम देत नाही. हेल्मेट असूनही हादरा बसला, मग त्याचा उपयोग काय, असे आमचे एक सहकारी विचारतात. २००८ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा आहे, की हेल्मेटने दुचाकीस्वाराच्या डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. दह्याचे पाणी झाले, हे खरे. डबा फुटला नाही म्हणून हा लेख लिहिता आला.

आम्हांस रजा होती, पगार होता. सगळ्यांस तो नसतो. गेल्या वर्षी वडगावातील एक यंत्रमागावर काम करणारे गृहस्थ, आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील, आमच्याकडे आले. माळ्यावरून सुताचे जड पोते त्यांच्या डोक्यावर पडले होते. रक्ताचा थेंब नाही. स्कॅन स्वच्छ. चौथ्या दिवशी ते मागावर गेले, आणि त्या खडखडाटात अर्धा तास उभे राहवेना. मजुरी नगावर, जेवढे विणाल तेवढी. ते म्हणाले, “सर, डोकं फुटलं असतं तर बरं झालं असतं. मालकाला दाखवायला तरी काही असतं.”

त्यांच्यासाठी आम्ही आपल्याच न्यासाच्या वैद्यकीय मदतीचा अर्ज आणला. त्यात इस्पितळात दाखल झाल्याची तारीख, शस्त्रक्रियेचे नाव आणि बिलाची मूळ प्रत अशी तीन घरे आहेत. या गृहस्थांजवळ तिन्ही नव्हते. त्यांस औषधाला पैसे नको होते. गोळ्यांचा खर्च दोनशे रुपयांच्या आत होता. त्यांस हवी होती ती दहा दिवसांची मजुरी, म्हणजे दहा दिवस मागाच्या आवाजापासून दूर राहता आले असते. अर्ज परत आला. यात कोणा व्यक्तीचा दोष नाही. ज्यांनी तो छापला त्यांच्या डोळ्यांसमोर फुटलेला मार होता. न्यासाच्या या महोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळींनी त्या अर्जात चौथे घर वाढवावे, ‘डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती, किती दिवस’, आणि त्यापोटी बुडालेल्या मजुरीचा काही अंश द्यावा, अशी सूचना आम्ही लेखी दिली आहे व येथेही करीत आहोत. रक्कम मोठी होणार नाही.

त्या गृहस्थांची सोय शेवटी शेजाऱ्यांनी केली. दोन आठवडे त्यांचे माग त्यांच्या पुतण्याने सांभाळले. नंतर ते कानांत कापसाचे बोळे घालून रोज एक तास जाऊ लागले, मग दोन तास. दीड महिन्याने ते पूर्ण पाळी उभे राहिले. परवा बाजारात भेटले तेव्हा डोक्याचे विचारले, तर म्हणाले, “आता दुखत नाही. पण माळ्यावरची सगळी पोती खाली उतरवून ठेवली आहेत.”